आग्नेसने पाडलेला खासदार

मी एकदा विलायतेच्या मतपत्रिकेला कुंकू लावलं. लावलं ते लावलं, पण ते ओलं होतं, आणि मतपत्रिका माझी नव्हती. हे करायला मी काही कालची नवी सून नव्हते. सदुसष्ट वर्षांची होते, दोन नातवंडांची आजी होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. त्या वयात बायका फार उतावीळ असतात. आता सत्तरीला टेकल्यावर जरा पोच आलीय.

मत होतं आग्नेसचं. आग्नेस तुस्कानो, मूळची वसईची, पेशाने नर्स, पासपोर्टाने ब्रिटिश आणि मुक्कामाने बहारीनची. सनाबिसला आमच्या इमारतीत आमच्या डोक्यावर राहायची. मी खाली मुलाकडे, ती वर मुलाकडे. तिच्या घरी खुर्ची सरकली की मला कळायचं आणि माझ्या घरी मासळी तळली की तिला. गेल्या वर्षी ती सुट्टीसाठी म्हणून वसईला गेली आणि तिथेच गेली. तिच्याबद्दल चर्चमध्ये लोक फार गोड बोलले म्हणे. प्रेमळ, शांत, क्षमाशील. शेवटचा शब्द ऐकून मला इथे बसल्या जागी ठसका लागला.

आमची पहिली भेट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा आमचे हे सित्राच्या एका कंपनीची कामगारांची बस चालवायचे, आणि मी गुहागर तालुक्यातून येऊन इथे मुरलेली बाई होते, असं माझं मत. त्या काळी माझ्या अंगात एक खूळ होतं. समोरची बाई फ्रॉकमध्ये किंवा युनिफॉर्ममध्ये दिसली की मी इंग्रजी काढायची. रक्त तपासायला दवाखान्यात गेले, तर समोर ही. पांढरा कोट, बारीक केस, कपाळावर आठी. मी हात मागे घेत म्हटलं, "एक्सक्यूज मी मॅडम, माय ब्लड इज फिअरिंग."

तिने सुई हातात धरून माझ्याकडे नीट पाहिलं. मग अगदी वसईच्या वाडीतल्या हेलात म्हणाली, "रक्ताला भीती नाय वाटत बाय, तुला वाटते. हात सरळ कर."

मी इतकी ओशाळले की सुई कधी गेली ते कळलंच नाही. नंतर तिने मला सांगितलं की ती मुद्दामच तसं बोलते, माणूस ओशाळला की शीर छान वर येते. खरं की खोटं कोण जाणे. तिच्या बऱ्याच गोष्टी अशाच असायच्या, दुखवून झाल्यावर त्यामागचं शास्त्र सांगायची.

पण तिचा खरा गुण मला कळायला दोनतीन वर्षं गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कोल्ड स्टोअर आहे. इथे दूध, ब्रेड, अंडी विकणाऱ्या छोट्या दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात. तिथल्या माणसाने आग्नेसला एकदा तारीख उलटलेलं नारळाचं दूध दिलं. परत द्यायला गेली तर म्हणाला, "मफी, खलास, काही मिळायचं नाही, घेतलं ते घेतलं." आग्नेस म्हणाली, "बरं," आणि हसून परत आली. मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई. मी असते तर रस्त्यात आरडाओरडा केला असता. 

त्यानंतर इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की आग्नेस केक घेऊन स्वागताला जायची. गॅसवाल्याचा नंबर द्यायची, पाण्यावाल्याचा द्यायची, आणि नवीन माणसाचा हात धरून त्याला पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या कोल्ड स्टोअरपर्यंत सोडून यायची. मल्याळी आले, पाकिस्तानी आले, फिलिपिनो पोरी आल्या. प्रत्येकाला केक, प्रत्येकाला पलीकडची गल्ली. चार वर्षं. शेवटी तो दुकानदार स्वतः नारळाच्या दुधाचे दोन डबे घेऊन वर आला. तिने डबे घेतले, त्याला चहा दिला. मी म्हटलं, "चला, मिटलं." तर म्हणते, "त्याच्यासाठी मिटलं. तिसऱ्या मजल्यावर नवीन लोक येतायत, मी केक लावलाय."

"अगं, पण तू दर शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जातेस. तिथे माफ करायला शिकवतात ना?"

"माफ करायची ड्युटी फादरची. माझी ड्युटी वेगळी," ती म्हणाली. आणि मग तिचं ते वाक्य, जे मी पुढे शंभर वेळा ऐकलं: "मी काही करत नाही, सुमन. मी फक्त थांबते."

ती सगळ्यात जास्त कशासाठी थांबून आहे, हे मला एका दुपारी कळलं. आम्ही दोघी माझ्या ओट्यापाशी बोंबील साफ करत होतो. तिच्या हातात सुरी होती, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

बहारीनला येण्याआधी आग्नेस इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात नर्स होती. गावाचं नाव तिने मला सांगितलं होतं, पण मी ते लिहीत नाही, आणि तिथल्या पक्षांचीही नावं लिहीत नाही. माझी नात म्हणते, "आजी, डोन्ट गेट स्यूड," म्हणजे कुणी कोर्टात खेचेल. तर त्या गावी राहत असताना आग्नेसला वाटलं, आईला एकदा आणावं. आई पंच्याहत्तरीची, वसईच्या केळीच्या वाडीबाहेर एक रात्रही कधी न राहिलेली. तिचा व्हिजा नाकारला. कारण काय, तर ही बाई परत जाईलशी वाटत नाही.

"माझी आई!" आग्नेस बोंबलाचं डोकं उडवत म्हणाली. "जी वांद्र्याला बहिणीकडे गेली तरी संध्याकाळी परत यायची, की कोंबड्या कोण बंद करणार म्हणून!"

त्या भागाचा खासदार दर शनिवारी तिथल्या वाचनालयात लोकांना भेटायचा. आग्नेस रात्रपाळी संपवून, युनिफॉर्ममध्येच जाऊन रांगेत बसली. तो माणूस फार हसरा होता. आग्नेस त्याचं नाव कधीच घेत नसे, "हसऱ्या" म्हणायची. हसऱ्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, आईचं नाव विचारलं, म्हणाला, मी स्वतः पत्र लिहितो, तुम्ही काळजी करू नका. शेजारी एक फोटो काढणारा उभा होता. त्याने फोटो काढला. आग्नेसने वसईला फोन करून सांगितलं, काम झालं, तयारी कर. आईने बाजारातून स्वेटर आणला, सुकट भरली, पापड भरले, पेटी बांधून खाटेखाली ठेवली.

पत्र कधी गेलंच नाही. आग्नेस फोन करायची, पलीकडची मुलगी म्हणायची, गेलं असेलच. तेवढ्यात निवडणूक लागली आणि एका सकाळी आग्नेसच्या दाराच्या फटीतून प्रचाराचा कागद आत पडला. त्यावर तीच. हसऱ्या तिचे हात धरून हसतोय, आणि खाली, आमच्या नर्सेस, आमचा अभिमान. गावात घरोघर तो कागद गेला होता. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, आग्नेस, तू कधीपासून त्याची?

"माझा फोटो अख्ख्या गावात पोचला, सुमन. माझा अर्ज लंडनपर्यंत पोचला नाही."

पण हेही एक वेळ तिने चार वर्षांत फेडून घेतलं असतं. पुढचं ऐका. दोन दिवसांनी हसऱ्या मतं मागत दारोदार फिरत तिच्या दाराशी आला. घंटा वाजवली. हिने दार उघडलं. त्याने तोंडभर हसून हात मिळवला, हिच्याच फोटोचा कागद हिच्या हातात दिला आणि विचारलं, "तुम्ही इथे नव्याने राहायला आलात का?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"थँक यू म्हटलं. दार लावलं."

त्या वर्षी तिने त्याच्या विरुद्ध मत दिलं. तो निवडून आला. त्याच महिन्यात आई गेली. पेटी खाटेखाली तशीच होती. पुढे नवऱ्याला इथे नोकरी लागली आणि आग्नेस बहारीनला आली. इथे आल्यावर कितीतरी वर्षांनी तिला कुणी सांगितलं की अगं, बाहेर राहूनही तुला तिकडे मत देता येतं. ही धावली. तेव्हा कळलं की देश सोडून पंधरा वर्षं झाली की मत संपतं, आणि तिची पंधरा नुकतीच उलटली होती. ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. माझ्या डोक्यावरच्या खुर्च्यासुद्धा सरकल्या नाहीत.

हसऱ्या मात्र दर वेळी निवडून येत राहिला. आग्नेस मोबाइलवर त्याची भाषणं बघायची. लोक नातवंडांचे व्हिडिओ बघतात, ही त्याचे. "केस गेले," मला दाखवायची. "पोट आलं. दात तेवढे तसेच आहेत, मेल्याचे."

आणि मग तो नियमच बदलला. पंधरा वर्षांची अट उठली. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी आग्नेस लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आली, गुडघे दुखत असताना. दारात उभी राहून म्हणाली, "सुमन, माझं मत परत आलं." एखादीचा हरवलेला मुलगा सापडावा तसा तिचा चेहरा झाला होता. मी आत जाऊन साखर आणली आणि तिच्या हातावर ठेवली. नंतर माझ्या लक्षात आलं की हा सगळा आनंद एका म्हाताऱ्याचं वाटोळं करण्यासाठी होता. पण तोवर तिने साखर खाल्ली होती.

निवडणूक जाहीर झाली आणि दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सानंतर तिच्या घरी बैठक बसायला लागली. आमच्या ओळखीत ब्रिटिश पासपोर्टवाले आणखी दोघंच. एक बॉस्को, तिच्याच गावचा, हॉटेलात हिशेबनीस. दुसरी मेधा, दातांची डॉक्टर, सासर पुण्याचं, शिक्षण तिकडचं. मी मतदार नव्हते, पण चहा कोण करणार?

बॉस्को म्हणायचा, "आंटी, मी सरळ बघतो. निवृत्तीनंतर मला तिकडे जायचंय. जो पक्ष टॅक्स कमी म्हणेल, त्याला."

मेधा म्हणायची, "माझ्या नणंदेला गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड वर्ष थांबवलंय तिकडे. दवाखान्यांवर पैसे कोण खर्च करणार, ते मी बघणार. टॅक्स वाचवून काय, लंगडत बँकेत जायचं?"

"दवाखान्यांवर सगळेच खर्च करणार म्हणतायत."

"मग खोटं कोण कमी बोलतंय ते बघू."

"त्याला वेगळा पक्ष काढावा लागेल."

मला फार मजा वाटायची. आमच्याकडे गावी घरातला मोठा माणूस सांगेल तिथे शिक्का, अशी मी वाढलेली. लग्नानंतर पहिल्या निवडणुकीत मी ह्यांना विचारलं होतं, "कुणाला द्यायचं?" ह्यांनी सांगितलं, मी दिलं, आणि घरी येऊन कळलं की ह्यांनी स्वतः दुसऱ्यालाच दिलं. म्हणे, दोन्हीकडे आपला माणूस असलेला बरा. आणि मी बावळट, त्यात आमच्या संसाराची हुशारी म्हणून मैत्रिणींना सांगत सुटले होते. इथे ही तिघं प्रत्येक पक्षाचं वचन दातांनी चावून बघत होती.

आग्नेसला मात्र पक्षाशी घेणंच नव्हतं. "तुम्ही कुणाला द्यायचं ते ठरवता. माझं विरुद्ध कुणाच्या ते ठरलेलं आहे," ती म्हणायची. तिचा प्रश्न एवढाच की हसऱ्याला पाडेल कोण. समोर दोघं होते. एक शाळामास्तरीण आणि एक तरुण मुलगा, तिसऱ्या पक्षाचा. मुलगा तिला मनापासून आवडला होता. बंद पडलेला तिचा जुना वॉर्ड परत उघडायचा म्हणत होता, आणि बोलताना हसत नव्हता. मास्तरणीचा पक्ष मात्र तिच्या डोक्यात जायचा. त्यांच्या राज्यात आमचे पगार गोठले होते, म्हणायची.

"मग मुलाला दे ना," मेधा म्हणाली. "मनाला पटेल त्याला द्यावं."

"मनाला पटायला मी काय साडी घेतेय? तो तिसरा येणार. माझं मत वाया जाणार."

"म्हणजे जिचा पक्ष आवडत नाही तिला देणार तुम्ही?"

"मी तीस वर्षं लोकांना औषध पाजलं, मेधा. आवडतं म्हणून कुणी घेतलं नाही."

तरी तिला खात्री हवी होती, म्हणून तिने शेरीनला फोन लावला. शेरीन म्हणजे आग्नेसची भाची, बहिणीची मुलगी. आग्नेसच्याच ओळखीने त्याच गावी गेली होती आणि म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात सेविका होती. भारताचाच पासपोर्ट, पण तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना तिकडे मत असतं, म्हणून तीही मतदार. व्हिडिओ कॉल. आम्ही सगळे मागे दाटीवाटीने उभे.

"शेरीन, बाय, गल्लीत कुणाच्या पाट्या जास्त लागल्यात?"

"मावशी, टीचरच्या. पण..." शेरीन थांबली. "मावशी, तू त्यांना नको देऊ. सरांनाच दे."

"कोण सर?"

"आपले एमपी. मावशी, ही इज सच अ गुड मॅन. केविनचा व्हिजा सहा महिने अडकला होता ना? मी त्यांना भेटले शनिवारी. त्यांनी लगेच पत्र लिहिलं. स्वतः सही करून. पुढच्या आठवड्यात व्हिजा आला. केविन आणि बाळ इथे आहेत ते त्यांच्यामुळे."

बॉस्को खिडकीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता आग्नेस विरघळणार. माणूस सुधारला, म्हातारपणी शहाणा झाला, तिच्याच घरातल्या पोरीचा संसार त्याने जोडून दिला. मी तर मनातल्या मनात त्याला माफसुद्धा करून टाकलं. माझं काय जात होतं?

आग्नेस अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे त्याला लिहिता येतं."

"मावशी?"

"मला वीस वर्षं वाटत होतं, त्याला जमलं नसेल. कामात असेल. विसरला असेल. एक कागद, चार ओळी, एक सही. लिहिता येतं त्याला." आणि फोन आमच्याकडे वळवून म्हणाली, "मास्तरीण."

शेरीन रडली. म्हणाली, आजी गेली ती गेली, माझा माणूस जिवंत आहे, उद्या काही अडलं तर मी कुणाकडे जाऊ? आग्नेस म्हणाली, मास्तरणीकडे जा, तिलाही लिहिता येत असणार. शेरीनने फोन ठेवला आणि मावशीशी बोलणं टाकलं. बहिणीने वसईहून निरोप पाठवला की तुझं हे वेड आता लेकरांवर आणू नकोस. आग्नेसने तो निरोप ऐकला आणि वांगी चिरायला घेतली. पण वांगी तिने इतकी बारीक चिरली की भाजीत सापडेनात. मी विचारलं, "दुसरं कुणी पाडेल गं त्याला. तू कशाला भाचीला दुखावतेस?"

"दुसऱ्याने पाडलं तर तो पडेल," ती म्हणाली. "मला त्याला पाडायचंय."

मतपत्रिका फार उशिरा आली. इथे पोस्टमन दारात येत नाही, सगळ्यांची पत्रं पेटीच्या नंबरावर येतात, आणि आग्नेसची आली ती तिच्या मुलाच्या ऑफिसच्या पेटीत. ऑफिसातल्या कुणी ती जाहिरात समजून बाजूला ठेवली होती. हातात पडली तेव्हा पोस्टाने परत पाठवली असती तर निकालानंतर पोचली असती. पण आखातात एक गोष्ट चांगली आहे, कुणी ना कुणी कुठे ना कुठे उडत असतंच. त्याच्या बॅगेत आपलं काहीतरी कोंबायचं, हा इथला रिवाज. लोणचं, औषधं, सोन्याची चेन, सगळं असंच जातं. माझा मुलगा मंदार त्याच संध्याकाळी कामासाठी लंडनला निघाला होता. त्याच्या बॅगेत एक मत गेलं तर काय जड होणार होतं? विमानतळाबाहेर पहिली लाल पेटी दिसेल तिच्यात टाकायचं, एवढंच.

आग्नेस पाकीट घेऊन आमच्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर बसली, छातीवर क्रूस काढला, आणि मला म्हणाली, "तिकडे बघ. मत गुप्त असतं."

"अगं, पाण्यावाल्यालासुद्धा माहीत आहे तुझं मत!"

"तरी तिकडे बघ."

मी भिंतीकडे बघितलं. पेन कागदावर दोनदा चर्रर्र झालं. इतक्या जोरात फुली मारली होती की खालच्या टेबलक्लॉथवर ती अजून आहे. तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेरीन. कितीतरी दिवसांनी. आग्नेस फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. आतून तिचं "नाही" ऐकू आलं, मग जरा वेळाने पुन्हा "नाही."

आणि मी एकटी, समोर ती मतपत्रिका, आणि पलीकडे माझं देवघर. आता माझी सवय सांगते. आमच्या घरी नवीन काही आलं, की मी त्याला हळद-कुंकू लावते. फ्रिजला लावलं, गाडीला लावलं, मंदारच्या व्हिजाच्या कागदाला लावलं. नातीच्या लॅपटॉपला लावलं तेव्हा ती किंचाळली, "आजी, नॉट अगेन!" पण लॅपटॉप चालतोय की नाही? मला त्या क्षणी भरून आलं. वाटलं, बाईने एवढी वर्षं वाट बघितली, तिच्या मताला यश येऊ दे. करंड्यातलं कुंकू घेतलं, पाण्याचं बोट लावलं, आणि मास्तरणीच्या फुलीशेजारी एक सुरेख टिकली लावली. घडी घातली. देवापुढे धरली. मग काय वाटलं कोण जाणे, उघडून बघितली.

घडी बरोबर पडली होती. टिकली उठली होती वर, थेट हसऱ्याच्या चौकटीत. गोल, लालभडक, ठसठशीत. एखाद्याने मुद्दाम ओवाळून मत द्यावं तशी.

शहाण्या बाईने तिथेच थांबावं. मी पदर ओला केला आणि पुसलं. आता हसऱ्याच्या नावासमोर टिकलीऐवजी गुलाबी ढग झाला. आतून पावलं वाजली. मी मतपत्रिका पाकिटात सारली, पाकिटाची कड चाटली आणि बंद करून टाकलं.

"मी केलं असतं की बंद," आग्नेस बाहेर येत म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

"तुझं तोंड कोरडं पडलंय. मी केलं."

"काय बाय तू. विलायतच्या सरकारला तुझी थुंकी कशाला?" असं म्हणून तिने दुसऱ्या कागदावर सही केली, मोठ्या पाकिटात सगळं घातलं, आणि मंदारच्या हातात देताना त्याच्या गालावरून हात फिरवला. तो उडाला. त्याच्याबरोबर माझी झोपही.

दुसऱ्या शुक्रवारी मी बॉस्कोला बाजूला घेतलं. "काय रे, तिकडे मतपत्रिकेवर डागबिग पडला तर?"

"कसला डाग?"

"असाच. चहाचा."

"चहाचा चालेल. पण दुसऱ्या उमेदवारासमोर खूण वाटली तर बाद धरू शकतात. का, आंटी?"

"काही नाही. जनरल नॉलेज."

निकाल आला तो त्याच्या पुढच्या शुक्रवारी, सकाळी. मी पोहे परतत होते. वरून धाडधाड खुर्च्या सरकल्या आणि मग आग्नेसचा आवाज, जिन्यातून, खाली येईपर्यंत: "पडला! सुमन, पडला!" हसऱ्या पडला होता. मास्तरीण आली होती. मोबाइलवर तो दिसला, स्टेजवर कडेला उभा, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसत नव्हते. आग्नेसने तो व्हिडिओ थांबवून बराच वेळ बघितला. मग निळा फ्रॉक घालून मिस्साला गेली. येताना मोठा केक आणला आणि इमारतीत दारोदार वाटला. "काय विशेष?" लोक विचारायचे. "मी एक माणूस पाडला," ती सांगायची. तळमजल्यावरचा वॉचमन घाबरून दोन पावलं मागे सरकला.

मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही. उन्हाळा सरला तरी ती तेच सांगत होती. दवाखान्यात सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, मेधाच्या सासूला फोनवर सांगितलं. माझ्या मताने पडला. माझ्या एका मताने. शेरीन बोलत नव्हती, बहीण बोलत नव्हती, आणि त्याची किंमतही ती त्याच हिशेबात धरायची. "फुकट नाही पाडला," म्हणायची. मी दर वेळी मान डोलवायची आणि डोळ्यांपुढे माझ्या तो गुलाबी ढग यायचा. खरं सांगू? थोडा मत्सरही होता. कुंकवाला काही श्रेय नाही म्हणजे काय?

शेवटी एका संध्याकाळी, तिच्याच गॅलरीत, मी सगळं सांगून टाकलं. टिकली, घडी, पदर, थुंकी, बॉस्कोचा चहाचा डाग. म्हटलं, आग्नेस, तुझं मत बहुतेक बाद झालं असेल. कुणी मोजलंच नसेल. मग माझी जीभ आणखी सुटली. म्हटलं, एका परीने बरंच झालं, बघ. तो पडायचा तो पडला, आणि शेरीनला तू आता खुशाल सांगू शकतेस की तुझ्या सरांना मी नाही पाडलं. पोरगी बोलायला लागेल. सगळंच मिटलं.

आग्नेसने चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकाने पुसला, परत लावला. मला वाटलं, आता मला या गॅलरीतून खाली टाकणार. पण ती शांतपणे म्हणाली:

"म्हणजे लोकांचं लोकांनी घेतलं. माझं अजून राहिलंय. आज रात्रीपासून मी हातात माळ धरून त्याच्या नावाने रोझरी म्हणणार. देवा, त्याला ठणठणीत ठेव. त्याचं हृदय सांभाळ, गुडघे सांभाळ, साखर वाढू देऊ नको. आणि पुढच्या निवडणुकीला परत उभं राहायची त्याला बुद्धी दे. आमेन."